सदतीस क्रमांकाची नोंद

प्रिय कुलप्या,

पाकीट हातात पडल्यावर तू काय करशील ते मी इथे बसून सांगू शकतो. अक्षर ओळखशील, तोंड वाकडं करशील, पाकीट खिडकीत टाकशील आणि चहा पिऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघणारही नाहीस. हरकत नाही, आधी चहा घे. पण मग उघड, आणि एकदा उघडलंस की मधेच सोडू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटी दे, मी निमूट ऐकून घेईन.

फोन तू उचलत नाहीस. आपल्या कुलपांच्या यादीत लिहावं, तर तो रस्ताही तू बंद केलास. रोज सकाळी मी संगणक सुरू करतो आणि कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत ओळ येते: दुसऱ्या संगणकाशी संपर्क नाही, ब्याण्णव दिवस. काल एक्क्याण्णव होते. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आता हे दिवस मोजत बसलोय. तुझी लेक अधूनमधून फोन करते. गुणी पोर आहे, तुला न सांगता करते म्हणून तिला रागावू नकोस. तिच्याकडून कळतं की तुझे बाबा, माझे काका, अजून तसेच आहेत. जेवतात, रेडिओ लाव म्हणतात, पण यादी वाचू का असं विचारलं की नको म्हणून भिंतीकडे तोंड करतात. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मी सोसलं असतं, याआधीही आपण दोनदा बोलणं टाकलं होतं आणि दोन्ही वेळा तूच आधी हसला होतास. पण नव्वदीच्या माणसाचं तोंड माझ्या एका ओळीनं बंद झालं, हे काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरत नाही. ते पुन्हा बोलते व्हावेत, एवढ्यासाठी मी काय वाटेल ते करीन.

सगळं क्रमानं लिहितो. तुला ठाऊक असलेलंही लिहितो, कारण मोजणीदाराला हद्दीचा पहिला दगड सापडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आपल्याला कुलपांचा नाद लागला तो काकांच्या दुकानात. एवढीशी ती खोली, तारेत ओवलेल्या बिनवारशी किल्ल्या, तेलाचा वास, आणि व्हाइसच्या लोखंडी पकडीपुढे वाकलेले काका. त्यांच्या बोटांच्या रेषांत लोखंडाचा भुगा कायमचा बसलेला असायचा. गिऱ्हाईक टाकून गेलेली मोडकी कुलपं ते आपल्याला द्यायचे आणि म्हणायचे, घ्या, खेळा, पण बोटं सांभाळा. तीच पहिली वीस-पंचवीस. मग तुझी भूगोलाची मास्तरकी आणि माझी गावोगावची मोजणी, जाऊ तिथून आपण कुलपं आणत गेलो आणि बघता बघता चारशे अकरा झाली. काकांनी दुकान बंद केलं, ते तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा तुझ्या तीन खोल्यांत माणसं ठेवायची की कुलपं असा प्रश्न पडला. वाटणी मी सुचवली. विषम क्रमांक माझ्याकडे, सम तुझ्याकडे. तू म्हणालास, सदतीस तेवढं मला राहू दे, ते बाबांनी माझ्यासाठी केलंय. मी म्हणालो, सदतीस विषम आहे, नियम म्हणजे नियम. तू मला फूटपट्टी म्हणालास, तीच आपली शाळेतली शिवी, आणि कुलूप रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलंस.

कुलपं दोन घरी झाल्यावर नोंदींची वहीसुद्धा दोन ठिकाणी झाली, आणि कोणाची वही खरी यावरून आपलं रोज वाजायला लागलं. शेवटी तुझ्या लेकीनं वैतागून सगळी यादी संगणकावर चढवून दिली. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि दोन्ही यंत्रं आपापसांत बोलून सारखी राहणार. मी इथे एक अक्षर बदललं की मिनिटभरात तुझ्याकडे बदलतं. दोघांनी एकाच ओळीला हात लावला तर ज्यानं शेवटी लिहिलं त्याचं राहील आणि पहिल्याचं गुपचूप पुसलं जाईल, असा नियम तिनं घालून दिला. मी तेव्हाच म्हणालो होतो की शेवटी बोलणारा बरोबर असतोच असं नाही. त्यावर तू म्हणालास, तुझ्या घरी गेली चाळीस वर्षं हाच नियम आहे, बायकोला विचार. आमची ही अजून ते आठवून हसते. आणि माझ्या संगणकाचं घड्याळ दोन तास पुढे होतं तो आठवडा? मी दहाला लिहिलेलं बाराचं ठरायचं, आणि तू अकराला केलेली दुरुस्ती जुनी म्हणून बाद व्हायची. तुला वाटलं मी मुद्दाम करतोय. तू शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलंस: हे कुलूप फूटपट्टीच्या डोक्यासारखं, किल्ली आहे पण फिरत नाही. तो शेरा मी अजून पुसलेला नाही.

काकांची नजर गेली आणि तू त्यांना यादी वाचून दाखवायला लागलास, ते दिवस मला फार बरे गेले. तुला हे कधी सांगितलं नाही. रोज दहा वाजता तू त्यांच्या खुर्चीजवळ बसायचास, दहा नोंदी वाचायचास, आणि ते मधेच थांबवून सांगायचे की हे त्या दाताच्या डॉक्टरच्या फाटकाचं, पावसात गंजलं म्हणून आणलं होतं, किंवा याची किल्ली बाईंनी विहिरीत टाकली होती, रागानं. तू ते तिथल्या तिथे लिहायचास आणि इथे माझ्या पडद्यावर अक्षरं आपोआप उमटायची. मी मुद्दाम दहाला चहा घेऊन बसायचो. ही विचारायची, इतक्या टक लावून काय बघताय, सिनेमा आहे का. मी काकांना ऐकत असायचो.

आता सदतीस. मी विषम कुलपं तेलपाणी करायला काढली होती. काकांनी आपल्याला लहानपणापासून बजावलेलं, सदतीस उघडू नका, स्प्रिंग जुनी आहे, एकदा उडाली की बसायची नाही. तू ते इतकी वर्षं पाळलंस. मी पाळलं नाही. चार स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ठोकलेला पाच आकडी क्रमांक दिसला. तसाच क्रमांक आपल्या दोनशे पाचमध्ये आहे, तीनशे अकरामध्ये आहे, आणि ती दोन्ही कारखान्याची आहेत यात तुला-मला शंका नाही. मग भिंग घेऊन दर्शनी बाजू पाहिली. किल्लीच्या भोकावर पितळ जरा खोल गेलंय, ते आपण वापरानं झिजलं असं धरून चाललो होतो. ते झिजलेलं नाही. कानशीच्या रेघा आहेत, सगळ्या एकाच दिशेनं. तिथे कोणाचं तरी नाव होतं आणि ते घासून काढलंय. मी तिन्ही कुलपं शेजारी ठेवून मापं घेतली, केसाचाही फरक नव्हता. मग यादी उघडली, कारागीर या रकान्यातलं काकांचं नाव खोडलं आणि लिहिलं: कारखान्यात तयार, दर्शनी भागावरचं नाव घासलेलं, दुकानात बनवल्याची नोंद चुकीची. पावणेदहा वाजले होते. मी लिहिलेलं जपून ठेवलं आणि आंघोळीला गेलो.

पुढचं मला तुझ्या लेकीनं सांगितलं, ती तेव्हा दारात उभी होती. तू त्या दिवशी एकतीसपासून वाचत होतास. सदतीस आल्यावर तू खुशीत आलास, आवाज चढवलास, म्हणालास, बाबा, आता आपलं. आणि न बघता वाचत सुटलास, कारण ती ओळ तुला पाठ होती. डोळ्यांपुढे वेगळीच अक्षरं आली तरी जीभ थांबली नाही. पार शेवटच्या शब्दापर्यंत वाचून गेलास. काका खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरायचे, तो थांबला. मग तू ओरडून म्हणालास, साफ खोटं आहे हे, त्या माणसाला कुलपातलं ओ की ठो कळत नाही. काका म्हणाले, आज पुरे. त्यानंतर पाच मिनिटांत तुझा मला फोन आला. तू एवढंच विचारलंस की मला फोन करता येत नव्हता का, आणि ठेवलास. तेव्हापासून ती तांबडी ओळ.

पहिले पंधरा दिवस मी ताठ होतो. मी काय खोटं लिहिलं होतं? यादी कशासाठी असते मग? ही म्हणाली, लिहिण्याआधी दोन शब्द विचारायला हात मोडले होते का. मी म्हणालो, आपली पद्धत आहे, जे बोलायचं ते नोंदीत. ती म्हणाली, पद्धत गेली खड्ड्यात, आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. मग मी सदतीसची ओळ होती तशी केली. मग वाटलं, हे खोटं झालं, म्हणून पुन्हा बदलली. मग कारागीर अज्ञात असं लिहिलं. या ब्याण्णव दिवसांत ती एक ओळ मी अकरा वेळा बदलली आहे आणि त्यातलं एकही अक्षर तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही. इतरही त्रेसष्ट बदल इथे साचलेत. तिकडे तुझे किती साचलेत कोण जाणे. आता दोन्ही यंत्रं जोडली तर कोण कोणाला पुसेल याचा विचार केला तरी मला धडकी भरते. दोनशे एकोणीसचं टाचण मी दुरुस्त केलं, तीनशे तीनला किल्ली सापडली, चारशे बारावं कुलूप एका पाडलेल्या गोदामातून मिळालं, पण ते कोणाला दाखवू? सम आहे, म्हणजे तुझं आहे. ते रुमालात बांधून ठेवलंय. माझे गुडघे बिघडलेत, जिना उतरताना कठड्याला धरून उतरतो, त्याचीही खबर तुला द्यायची राहिली.

पण अजून एक कबूल करायचंय, आणि ते मी हिलाही सांगितलेलं नाही. झाकणाच्या आत तो आकडा दिसला तेव्हा मला आनंद झाला. शोध लागल्याचा नव्हे. तुझं एक कमी झालं याचा. चौथीत होतो आपण. वर्गात एकानं तुला विचारलं होतं, तुझे वडील दिवसा कुलपं उघडतात, मग रात्री कोणाची उघडतात, आणि सगळा वर्ग हसला होता. तू आजवर समजत आलास की मी त्यात नव्हतो. मी होतो. मी तोंडावर वही धरून हसलो होतो. तू दोन दिवस शाळेत आला नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी आलास तो पुस्तकांच्या पेटीला ते पितळी कुलूप लावून. प्रत्येक बाकापाशी जाऊन सांगितलंस, माझ्या बाबांनी केलंय, माझ्यासाठी. मास्तरांनीसुद्धा हातात घेऊन पाहिलं. त्यानंतर तुला कोणी काही बोललं नाही. माझ्या वडिलांनी मला साधा पतंग कधी करून दिला नाही रे. ते कुलूप माझ्या मनात त्या दिवसापासून सलत होतं. नियम म्हणजे नियम म्हणून मी ते घरी आणलं तेव्हाही सलतच होतं. तेव्हा मी खऱ्याखोट्याचा फार कैवारी आहे असं समजू नकोस. मी बरोबर मोजलं, पण चांगल्या मनानं मोजलं नाही. माफी मागायची तर ती याची मागतो.

एवढं सगळं मी कधीच लिहून पाठवायला हवं होतं, पण खरं सांगतो, माझ्यानं झालं नसतं. आज लिहितोय ते मला सांगितलं गेलंय म्हणून. मंगळवारी सकाळी अकराला तुझ्या घरून फोन आला. तू बाजारात गेला होतास. मला वाटलं लेक असेल, पण काका होते. नंबर लावून घेऊन त्यांनी तिला खोलीबाहेर पाठवलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, बाळा, तू मोजलंस ते बरोबर आहे. ते कुलूप त्यांनी केलेलं नाही. कोणीतरी दुरुस्तीला टाकलं होतं, वर्षभर न्यायला आलं नाही. चौथीत तू रडत घरी आलास, शाळेत जायचं नाही म्हणून बसलास, तेव्हा त्यांनी खरोखरच नवं कुलूप करायला घेतलं होतं. दोन दिवस केलं, तीनदा मोडलं, चौथा लिव्हर बसेना. मला म्हणाले, मी जन्मात कुलूप केलं नाही रे, उघडली आणि दुरुस्त केली फक्त. मग ते जुनं घेतलं, नाव दिसलं तर पोरं परत हसतील म्हणून कानस मारली, आणि तुझ्यापुढे धरलं. तू विचारलंस, तुम्ही केलंत? त्यांच्या तोंडून हो निघून गेलं. तुझा चेहरा असा काही झाला म्हणे, की ते परत घेता आलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पंचावन्न वर्षं गेली. त्या सकाळी ते गप्प झाले ते माझ्या ओळीमुळे दुखावले म्हणून नव्हे. तू ताडकन त्यांची बाजू घेतलीस म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी तू त्यांना सांगतोस की त्या मोजणीदाराला काय कळतंय, आणि ते म्हणाले, मी ऐकून गप्प बसतो, म्हणजे रोज एकदा त्याच्याशी नव्यानं खोटं बोलतो. तीनदा तोंड उघडलं, जमलं नाही. म्हणून मला म्हणाले, तू लिही, तू पदरचं घालत नाहीस. मी विचारलं, तुमच्याविषयी त्याचं मन फिरलं तर? ते म्हणाले, फिरू दे, पण त्यानं माझ्यापायी तुला तोडू नये. कुलप्या, मी पदरचं काही घातलेलं नाही. सदतीसला मी यापुढे हात लावणार नाही. यंत्र जोड अगर जोडू नकोस, त्या ओळीत तुला वाटेल ते लिही, काकांचं नाव पुन्हा घातलंस तरी माझ्याकडे ते तसंच राहील. तुझ्या लेकीला त्यांनी सांगून ठेवलंय की माझं पाकीट आलं की त्यांना कळवायचं. म्हणजे तू हे वाचतोयस ते त्यांना ठाऊक आहे, आणि पलीकडच्या खोलीत बसून ते तुझी चाहूल घेतायत. तुझा चेहरा त्यांना आता दिसायचा नाही, तेव्हा नुसता दारात उभा राहू नकोस. काहीतरी बोल. रागावलास तर रागाचं बोल, पण मोठ्यानं बोल. पत्र ठेव बाजूला आणि आत जा.

तुझाच,
फूटपट्टी